शब्दांच्या वावरात : ‘गॉना’, ‘वॉना’, ‘गॉटा’ आणि आपलं ‘काऊन’



पुढची तीन वाक्यं मोठ्यानं वाचा बरं!

आय ॲम गॉना गो.
आय वॉना गो.
आय गॉटा गो.

वाचलीत? आता सांगा, तिन्हींचा अर्थ एकच की वेगवेगळा?

आमच्या कुहीच्या शाळेत मी हीच वाक्यं फळ्यावर लिहिली, तेव्हा अर्धा वर्ग ओरडला, “एकच, मॅडम!” उरलेला अर्धा म्हणाला, “मॅडम, हे पुस्तकात नाही, म्हणजे परीक्षेत येत नाही!” पुस्तकात नाही हे खरंच आहे. पण कार्टूनमध्ये आहे, इंग्रजी गाण्यांत आहे, बाबांच्या मोबाईलवरच्या व्हिडिओत आहे. कानावर रोज पडतं ते हळूच जिभेवर येतं आणि जिभेवरचं एक दिवस वहीत उतरतं. तेव्हा या पाहुण्यांची नीट ओळख करून घेतलेली बरी. नाही तर काय होतं, ते पुढे कळेलच.

तीन भावंडं, तीन स्वभाव

हे तिन्ही शब्द म्हणजे मोठ्या शब्दांची आटलेली रूपं आहेत. दूध आटवलं की बासुंदी होते ना, तसं.

‘गोइंग टू’ आटलं, त्याचं झालं ‘गॉना’. स्पेलिंग जी-ओ-एन-एन-ए.
‘वॉन्ट टू’ आटलं, त्याचं झालं ‘वॉना’. स्पेलिंग डब्ल्यू-ए-एन-एन-ए.
‘हॅव गॉट टू’ आटलं, त्याचं झालं ‘गॉटा’. स्पेलिंग जी-ओ-टी-टी-ए. यातलं ‘हॅव’ घाईघाईत पार गळूनच पडतं.

दिसायला तिघं सख्खी भावंडं. स्वभाव मात्र तीन तऱ्हेचे! ‘गॉना’ सांगतो बेत : मी जाणार आहे, माझं ठरलंय. ‘वॉना’ सांगतो इच्छा : मला जायचंय, मला जावंसं वाटतंय. आणि ‘गॉटा’ सांगतो नाइलाज : मला जावंच लागेल, इलाज नाही. आपल्याकडच्या भाषेत, “जावाच लागते ना बाप्पा!”

आता समजा, तुम्ही मैत्रिणीकडे वाढदिवसाला गेलात. केक खाऊन झाला, अंधार पडायला लागला. तुम्ही म्हणालात, “आय गॉटा गो.” मैत्रिणीची आई म्हणेल, “हो बाळा, उशीर झाला, सांभाळून जा.” पण तुम्ही म्हणालात, “आय वॉना गो,” तर? तिला वाटेल, या पोराला आमच्या घरी करमत नाही! ‘मला जावं लागेल’ आणि ‘मला इथून जायचंय’ यांत केवढा फरक आहे, पाहा. दोन-तीन अक्षरं बदलली आणि निरोपाचा रुसवा झाला.

यांच्या खोडी

प्रत्येक शब्दाची एखादी खोड असते. ती माहीत नसली की तो आपल्याला तोंडघशी पाडतो.

‘गॉना’ची खोड ही, की त्याच्या पुढे क्रियापदच लागतं. ‘आय ॲम गॉना ईट’, मी जेवणार आहे. चाललं. ‘आय ॲम गॉना प्ले’, मी खेळणार आहे. चाललं. पण एका मुलानं वहीत लिहिलं होतं, ‘आय ॲम गॉना नागपूर’. हे चालत नाही! नागपूर हे गावाचं नाव, क्रियापद नव्हे. गावाला जायचं असेल तर सरळ ‘आय ॲम गोइंग टू नागपूर’. तिथे ‘गोइंग’ म्हणजे खरोखरचं जाणं; एस.टी.त बसायचं, तिकीट काढायचं. ‘गॉना’ कधी एस.टी.त बसत नाही. तो फक्त पुढे काय होणार ते सांगतो.

‘वॉना’ची खोड वेगळी. आय, यू, वी, दे यांच्याशी त्याची गट्टी. ही आणि शी यांच्याशी मात्र त्याचं जमत नाही. ‘आय वॉना प्ले’ ठीक. ‘ही वॉना प्ले’ मात्र नाही, कारण मूळ वाक्य आहे ‘ही वॉन्ट्स टू प्ले’. त्या ‘वॉन्ट्स’मधला शेवटचा ‘स’ असा आटत नाही.

‘गॉटा’ तर दुहेरी आहे. ‘आय गॉटा स्टडी’ म्हणजे मला अभ्यास करावाच लागेल. पण ‘गॉटा पेन?’ असं कुणी विचारलं तर तो म्हणतोय, ‘पेन आहे का रे?’ तिथे हा ‘गॉट टू’ नसून ‘गॉट अ’ असतो. ‘वॉना’चंही तसंच. ‘वॉना बिस्किट?’ म्हणजे ‘बिस्किट हवं का?’ तिथे तो ‘वॉन्ट अ’. तेव्हा पुढचा शब्द पाहिल्याशिवाय अर्थ लावायची घाई करायची नाही.

यांची मावसभावंडंही आहेत. ‘गिम्मी’ म्हणजे ‘गिव्ह मी’, दे मला. ‘लेम्मी’ म्हणजे ‘लेट मी’, मला करू दे. ‘गिम्मी द बॉल’ म्हटलं तर चेंडू हातात मिळेल. ‘लेम्मी सी द बॉल’ म्हटलं तर नुसता पाहायला मिळेल! ‘डनो’ म्हणजे ‘डोन्ट नो’, ठाऊक नाही. ‘काइंडा’ म्हणजे ‘काइंड ऑफ’, थोडंफार, तसंच काहीसं. आणि ‘लॉटा’ म्हणजे ‘लॉट ऑफ’, पुष्कळ. आपल्या पाण्याच्या लोट्याशी त्याचा काही संबंध नाही बरं का!

पायवाट कशी पडते?

आता तुम्ही विचाराल, इंग्रज मंडळी पूर्ण शब्द बोलायला एवढी आळशी का?

सांगते. शाळेत यायला चांगला रस्ता आहे. पण तो वळसा घेऊन येतो. मग मुलं काय करतात? धुऱ्यावरून, वावरातून सरळ येतात. रोज शंभर पावलं पडली की तिथे गवत उगवत नाही, पायवाट पडते. ती कुणी आखलेली नसते, कुणी बांधलेली नसते. रोज चालणाऱ्यांनीच ती पाडलेली असते. शब्दांचंही तसंच. जे शब्द दिवसातून शंभरदा तोंडात येतात, तेच झिजतात, आटतात, एकमेकांना चिकटतात. क्वचित लागणारा शब्द सहसा आटत नाही.

आणि हे फक्त इंग्रजीत होतं असं समजू नका. ‘मला जायचं आहे’ असं आपण तरी कुठे म्हणतो? म्हणतो, ‘जायचंय’. ‘करतो आहे’चं ‘करतोय’, ‘झालं आहे’चं ‘झालंय’, ‘नाही आहे’चं ‘नाहीये’. पुण्या-मुंबईची मुलंही अशीच बोलतात आणि त्यांना कुणी हसत नाही.

आता आपल्या घरचा शब्द घ्या. ‘का म्हणून’ हे दोन शब्द भराभर पाच वेळा म्हणा. का म्हणून, काम्हणून, काम्हून, काहून... आलात ना ‘काऊन’पाशी? कुणी ‘कामून’ म्हणतं, कुणी ‘काहून’, आम्ही ‘काऊन’ म्हणतो. ‘गोइंग टू’चं ‘गॉना’ ज्या रीतीनं झालं, त्याच रीतीनं ‘का म्हणून’चं ‘काऊन’ झालं. दोन्ही पायवाटाच. एक तिकडच्या वावरातली, एक इकडच्या.

एक प्रश्न, जो विचारलाच गेला नाही

हे मी एवढं का सांगते आहे? त्याला कारण आहे.

आमच्याकडे शिकलेली एक हुशार मुलगी पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला एका मोठ्या शाळेत गेली. विज्ञानाच्या तासाला तिनं हात वर करून विचारलं, “सर, हे असं काऊन होते?” प्रश्न चांगला होता. पण वर्ग हसला. प्रश्नाला नाही, ‘काऊन’ला! दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघांनी तिला ‘काऊन’ हेच नाव ठेवलं. त्यानंतर तिनं हात वर करणं सोडलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती भेटायला आली तेव्हा तिनं हे सांगितलं. मी विचारलं, “जी मुलं हसली, ती आपसात इंग्रजी बोलताना गॉना, वॉना म्हणतात का गं?” ती म्हणाली, “हाव मॅडम, सारखंच म्हणतात.” मग मी तिला वर तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं. ती हसली. आता ती तासाला ‘का?’ असं विचारते आणि मैत्रिणींत ‘काऊन?’ म्हणते. पण तिनं आणखी एक सांगितलं : हात वर करण्याआधी ती अजूनही क्षणभर थांबते, मनात शब्द तपासते. त्या क्षणभरात कधी कधी तास पुढे निघून जातो, आणि प्रश्न तसाच राहतो.

मुलांनो, कुणाच्या शब्दाला हसलं की नुसता शब्द मागे जात नाही. त्याच्यामागे उभा असलेला प्रश्नही मागे जातो. म्हणून हे लक्षात ठेवा. ‘गॉना’ म्हणणारा हुशार आणि ‘काऊन’ म्हणणारा गावंढळ, असं भाषेच्या कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. मान शब्दात नसतो. तो शब्द कोण वापरतं यावरून लोक ठरवतात. इंग्रजीत ‘एन्ट’ असा एक शब्द आहे. ‘आय एन्ट गोइंग’ म्हणजे ‘मी जात नाहीये’. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधली बडी बडी मंडळीही तो बोलत. पुढे तोच अडाणीपणाची खूण ठरला! शब्द तोच राहिला, लोकांची नजर तेवढी बदलली.

आपल्या कुही तालुक्याला तर बोलीचा अभिमान वाटावा असं मोठं कारण आहे. वैनगंगेच्या काठावरचं आपलं अंभोरा, चैतन्येश्वराचं देऊळ, तिथे तुमच्यापैकी कितीतरी जण जत्रेला गेले असाल. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ तिथे लिहिला, असं अनेक अभ्यासक मानतात. मराठवाड्यातल्या अंबाजोगाईचा मानही काही जण सांगतात. या ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ असा सांगितला जातो, ज्ञानेश्वरीच्याही शंभरएक वर्षं आधीचा. तेव्हा ज्ञानाची भाषा होती संस्कृत, आणि मराठी ही साध्या माणसांची बोलण्याची भाषा. मुकुंदराजांनी तत्त्वज्ञानासारखा अवघड विषय या साध्या माणसांच्या भाषेत आणला. त्या वेळी ‘हे मराठीत काऊन?’ असं म्हणून कुणी नाकं मुरडलीच नसतील, असं थोडंच आहे?

पुढे इंग्रजांच्या राज्यात जॉर्ज ग्रिअर्सन नावाच्या अधिकाऱ्यानं भारतातल्या भाषांची मोठी पाहणी केली. तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात पुण्याकडच्या मराठीबरोबर वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींचेही नमुने आहेत. ‘ही चुकीची मराठी’ असं म्हणून त्यांना वगळलं नाही. प्रत्येक बोलीची स्वतःची रीत नोंदवून ठेवली.

दिसायला जुळे, पण घर वेगळं

चला, आता पुन्हा शेजारच्या वावरात. तिथे आणखी काही जुळे शब्द आहेत.

पहिली जोडी नव्हे, तिकडी : चिल, चिली आणि चिली! ‘चिल’ म्हणजे गारवा. पण बोलण्यात ‘चिल!’ म्हटलं की अर्थ होतो ‘शांत हो, एवढं मनावर घेऊ नको’. शेवटी वाय लावला की ‘चिली’, म्हणजे जरासं गारठ्याचं. ‘इट इज चिली टुडे’, आज गारवा आहे. आणि त्याच जागी आय लावला की होते आपली मिरची! आपल्या शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हे तुम्हाला माहीतच असेल. तेव्हा पत्र लिहिताना ‘द मॉर्निंग इज चिली’ असं आय लावून लिहाल, तर सकाळ गार न होता तिखट होईल! गंमत म्हणजे थंडीची चिली ही जुन्या इंग्रजीतून आलेली आणि मिरचीची चिली ही मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिश लोकांबरोबर आलेली. उच्चार एक, पण ओळखपाळख काही नाही.

दुसरी जोडी : कूल आणि कोल्ड. दोन्हींत थंडी आहे. पण ‘शी इज कूल’ म्हणजे ती छान आहे, भारी आहे. ‘शी इज कोल्ड’ म्हणजे तिला थंडी वाजतेय, किंवा ती माया नसलेली, कोरडी आहे. आणि ‘शी हॅज अ कोल्ड’ म्हणजे बिचारीला सर्दी झालीय! नव्या बाईंचं कौतुक करायला जाल आणि ‘कोल्ड’ म्हणून बसाल, तर पंचाईत.

तिसरी जोडी : ड्यूड आणि डड. ड्यूडच्या शेवटी ई आहे, डडच्या नाही. ‘ड्यूड’ म्हणजे दोस्ता, गड्या. ‘डड’ म्हणजे निकामी वस्तू. पेटवली पण फुटलीच नाही, अशी लवंगी म्हणजे डड. मित्राला चिठ्ठी लिहिताना तेवढा ई विसरू नका, म्हणजे झालं.

चौथी जोडी सगळ्यांत फसवी, कारण ती हुंकारांची आहे. इंग्रजी गोष्टींत ‘अं-हं’ असं लिहिलेलं असतं : यू-एच, मग एच-यू-एच. त्याचा अर्थ हो! आणि ‘अं-अं’, म्हणजे यू-एच, यू-एच, याचा अर्थ नाही! आता आपल्याकडे पाहा. आई विचारते, “आणखी भाकर हवी?” पोट भरलं असेल तर आपण मान हलवून म्हणतो, “अंहं.” आपलं ‘अंहं’ म्हणजे नको, आणि त्यांचं ‘अं-हं’ म्हणजे हो! त्यांच्या हुंकारात शेवटी आवाज वर चढतो, तेवढीच खूण. समोरासमोर असाल तर मान हललेली दिसते. पण फोनवर कुणी इंग्रजीत विचारलं आणि तुम्ही ‘अंहं’ म्हणालात, तर नको असलेली वस्तू घरी यायची!

हो म्हणण्याचेही प्रकार आहेतच. यस, याह, येप. नाहीचे नो, नोप, ना. यातला ‘यस’ आणि ‘नो’ सगळीकडे चालतात. बाकीचे फक्त सवंगड्यांत. आपलंही तसंच नाही का? पेपरात ‘होय’, घरी ‘हो’, आणि मित्राला ‘हाव ना बे!’

बे, गा आणि जी

हा ‘बे’ निघालाच आहे तर त्याच्याकडूनच एक धडा घेऊ. “काय बे?” हे आपण कुणाला म्हणतो? बरोबरीच्या मित्राला. “काय गा?” हे ओळखीच्या, घरोब्याच्या माणसाला. आणि मान द्यायचा असला की “काय जी?” मुख्याध्यापकांना कुणी ‘काय बे’ म्हणेल का? स्वप्नातही नाही! हे तुम्हाला कुणी व्याकरणाच्या तासाला शिकवलेलं नाही. घरातल्या मोठ्यांचं ऐकून ऐकून तुम्हाला ते आपोआप कळलं.

इंग्रजीतले ड्यूड, ब्रो, बडी हे सगळे ‘बे’च्या घरचे शब्द आहेत. ते परके असल्यामुळे त्यांचा पोत आपल्या कानाला जाणवत नाही. म्हणून मोठ्या माणसाला ‘हाय ब्रो’ म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. तेव्हा एक सोपी कसोटी लावा : इथे मराठीत मी ‘बे’ म्हटलं असतं का? नसेल, तर ड्यूडही नको.

तिकडे गेलेले आपले शब्द

आपणच इंग्रजीकडून घेतो असं नाही हं! इंग्रज शिपाई भारतात राहून परत गेले, तेव्हा काही शब्द खिशात घालून घेऊन गेले. ‘देखो’चं झालं ‘डेको’. ‘हॅव अ डेको’ म्हणजे जरा बघ तर! ‘खुशी’पासून झालं ‘कुशी’, म्हणजे आरामाची, बिनकष्टाची नोकरी. ‘चिठ्ठी’ची झाली ‘चिट’. आणि ‘विलायती’चं झालं ‘ब्लायटी’, म्हणजे त्यांचा मायदेश!

आणि जगभर गेलेला ‘ओके’? तो तर चक्क थट्टेतून जन्मला. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात तेव्हा मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून आद्याक्षरं वापरायची टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’ म्हणजे सगळं ठीक. त्याचं स्पेलिंग मुद्दाम ओ आणि के वरून करून ‘ओके’ असं २३ मार्च १८३९ रोजी तिथल्या एका वर्तमानपत्रात छापलं गेलं. त्या टूमेतले बाकीचे बहुतेक शब्द विरून गेले, ‘ओके’ उरला. आज आजीसुद्धा फोनवर ‘ओके, ठेवते’ म्हणते!

बंडी कुठून न्यायची?

मग हे शब्द वापरायचे की नाही? पुन्हा त्या पायवाटेकडे या. पायवाट वाईट नाही. एकट्या माणसाला ती झटकन पोचवते. पण भरलेली बंडी पायवाटेनं नेता येते का? नाही. चाक रुतेल, माल सांडेल. बंडीला रस्ताच हवा.

मित्रांशी गप्पा, खेळ, घरातली चिठ्ठी ही पायवाट. तिथे गॉना, वॉना खुशाल चालवा. गोष्टीतलं एखादं पात्र बोलत असेल, तर त्याच्या तोंडीही शोभतील. उत्तरपत्रिका, निबंध, अर्ज, मुख्याध्यापकांना पत्र ही झाली भरलेली बंडी. तिथे ‘गोइंग टू’, ‘वॉन्ट टू’, ‘हॅव टू’ असे पूर्ण शब्द लिहायचे. वाचणारा अनोळखी असतो, त्याला तुमचा आवाज ऐकू येत नाही, तुमचा चेहरा दिसत नाही. त्याच्यापर्यंत माल न सांडता पोचला पाहिजे.

शंका आली तर इंग्रजी शब्दकोश उघडा. अशा शब्दांपुढे ‘इन्फॉर्मल’ किंवा ‘स्लँग’ अशी पाटी असते. ती पाटी म्हणजे ‘हा शब्द चूक’ असं नव्हे. ती सांगते, ‘ही पायवाट आहे, बंडी आणू नये.’

पालकांसाठी दोन शब्द

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्यांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. त्यामुळे मूल घरी ‘गिम्मी’, ‘याह’ म्हणालं की आपण कौतुकानं पाहतो, आणि तेच ‘मले’, ‘काऊन’ म्हणालं की पाहुण्यांसमोर त्याला दटावतो. असं करू नका. मुलाला ‘मले’ आणि ‘मला’ दोन्ही येऊ द्या. कुठे कोणतं वापरायचं ते प्रेमानं सांगा. “असं नाही बोलायचं” यापेक्षा “शाळेत हे कसं म्हणशील?” असं विचारलं, तर मूल गप्प बसत नाही, विचार करतं.

डोकं चालवा

गाळलेल्या जागी योग्य शब्द भरा : गॉना, वॉना, गॉटा, लेम्मी.

१. सॉरी, आय ____ रन, माय बस इज हिअर!
२. डू यू ____ प्ले कबड्डी?
३. वी आर ____ विन टुडे.
४. ____ सी युवर ड्रॉइंग.
५. ‘माय सिस्टर वॉना सिंग’. हे वाक्य नीट करा.
६. तुमच्या घरातला, आजीच्या तोंडचा, पुस्तकात न सापडणारा एक शब्द लिहा. तो कोणत्या शब्दापासून झाला असेल, याचा आजीबरोबर बसून अंदाज करा.

उत्तरं (आधी सोडवा, मगच पाहा!) : १. गॉटा. २. वॉना. ३. गॉना. ४. लेम्मी. ५. माय सिस्टर वॉन्ट्स टू सिंग. आणि सहाव्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुमच्या आजीकडे आहे.

या आठवड्यात वर्गात कुणी वेगळा शब्द बोललं, तर हसण्याआधी त्याला विचारा, “हा शब्द कुठला रे? काय अर्थ याचा?” एक नवा शब्द मिळेल, आणि त्याचा प्रश्नही मागे जाणार नाही.

पुढच्या आठवड्यात भेटू, वावराच्या दुसऱ्या धुऱ्यावर!

तुमच्या मॅडम, कुही